दोन लुगडी आणि मांजरपाटाची चोळी: रविवार पेठेतली पंधराशे रुपयांची खरेदी

माझी लेक आठवीत आहे. ३ जानेवारीला, म्हणजे सावित्रीबाई फुल्यांच्या जयंतीला, शाळेत वीस मिनिटांची नाटिका होती आणि तिच्या वाट्याला सावित्रीबाई आल्या. बाईंनी वहीत चिठ्ठी लिहून पाठवली होती: "वेशभूषेची सोय पालकांनी करावी." हा सगळा अनुभव त्या सोयीचा आहे. कापडगंज, बोहरी आळी, मंडई आणि जुना बाजार अशी खरेदी तीन फेऱ्यांत झाली. जानेवारीत सावित्रीबाई, फेब्रुवारीत शिवजयंती, पुण्यातल्या घराघरांत ही धावपळ दरवर्षी असते, म्हणून दराबिरांसकट लिहिते.

आधी मीही सगळ्यांसारखी भाड्याच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे दिसलं ते आणखी चार ठिकाणी दिसलं असतं. "सावित्रीबाई सेट" म्हणून पुढे आलं ते जांभळं सॅटिन, चार बोटं रुंद चकचकीत जर, पाठीला वेल्क्रो, सोबत मोत्यांची नथ आणि चंद्रकोरीची टिकली. एका दिवसाचं भाडं ७०० रुपये, अनामत २०००. मी विचारलं, "साधं सुती नाही का?" उत्तर आलं, "ताई, सगळ्या शाळा हेच नेतात." तेही मी घेतलं असतं कदाचित, पण नाटिकेतला दुसरा प्रवेश आठवला. सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघतात, वाटेत लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण टाकतात, त्या तशाच शाळेत पोचतात आणि पिशवीतलं दुसरं लुगडं नेसून वर्गात उभ्या राहतात. मी म्हटलं, यावर चिखल पडणार आहे. दुकानदाराने सेट माझ्या हातातून घेऊन घडी घातली. डाग पडला तर अनामत परत नाही, असं त्याने सांगितलं.

त्याच्या बाजूने त्याचं बरोबर असेल. पण मला तिथेच कळलं की या बाईंची गोष्टच एका मळलेल्या लुगड्याची आहे आणि मळू न देण्याच्या अटीवर मिळणारा पोशाख तिथे चालणारच नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भोर तालुक्यातल्या, अजून नऊवारीच नेसतात. त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून हिरव्या चौकड्याचं एक सुती लुगडं काढलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की हातात घेतल्यावर घडी आपोआप उलगडत होती. घडीच्या रेषेवर दोन ठिकाणी विरलं होतं. "हे टाका चिखलात," म्हणाल्या. "ह्याने लई चिखल बघितलाय." एक लुगडं घरातच मिळालं. राहिलं दुसरं, चोळ्या आणि वरचं किडुकमिडुक.

बिबवेवाडीहून स्वारगेटपर्यंत बस आणि तिथून मेट्रोने एक स्टेशन, मंडई. ज्यांना त्या भागात गाडी लावायचा अनुभव आहे त्यांना या एका स्टेशनाची किंमत कळेल. शनिवारी सकाळी साडेदहाला गेले तर दुकानदार बोलायला मोकळे असतात. दुपारी चारनंतर कापडगंजात उभं राहायलाही जागा नसते. मी एकदा संध्याकाळी गेले, काहीही न घेता परत आले.

लुगड्यासाठी चार दुकानं फिरले. नऊवारी सुती पातळ मागितलं की आधी पुढे येतं ते मिश्र धाग्याचं. "प्युअर कॉटन" हे शब्द तिथे फार सहज वापरतात. दुसऱ्या दुकानात मला संशय आला, पण मी काही बोलले नाही. तिसऱ्या दुकानात गादीवर बसलेले आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. मी म्हटलं, "काका, सुतीच हवंय, खात्रीचं." त्यांनी पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढला, दोन बोटांवर पीळ दिला आणि काडी पेटवून त्याला लावली. धागा भुरकन जळला, कागद जळल्यासारखा वास आला आणि राख बोटावर चोळली तर पिठासारखी झाली. मग त्यांनी शेजारच्या गठ्ठ्यातल्या दुसऱ्या पातळाचा धागा जाळला. तो जळायच्या आधी आकसला, काळा धूर आला आणि टोकाला मणी झाला, टणक, नखाने फुटेना. "हा मणी झाला की समजायचं पॉलिस्टर," ते म्हणाले. "पोरीला स्टेजवर नेसवायचंय ना? मग हे नको. सुळसुळतं, निऱ्या राहत नाहीत." स्वतःच्याच दुकानातल्या मालाचा धागा गिऱ्हाइकासमोर जाळून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मेंदी रंगाचं, बारीक तांबड्या काठाचं लुगडं त्यांच्याकडून ८५० रुपयांना घेतलं. घासाघीस केली नाही.

रंगाबद्दल मला थोडं सांगायचं आहे, कारण इथेच बहुतेक पोशाख फसतात. फुल्यांची मुलींची शाळा भिडे वाड्यात भरली १८४८ साली. पहिला कृत्रिम रंग इंग्लंडमध्ये तयार झाला १८५६ साली. म्हणजे त्या शाळेच्या दारात जी कापडं होती ती मंजिष्ठ (लाल रंग देणारी मुळी), नीळ, हळद, हिरडा अशा गोष्टींतच रंगलेली असणार. राणी रंग, पोपटी, ट्यूबलाइटखाली चमकणारा जांभळा त्या वाड्यात दिसला नसता. पॉलिस्टर तर विसाव्या शतकातलं. दुकानातल्या दिव्याखाली सगळेच रंग बरे दिसतात, म्हणून कापड उचलून रस्त्यावरच्या उजेडात आणून बघावं. काकांनी मला तसं नेऊ दिलं, हेही त्यांच्या बाजूने लिहिते.

चोळ्या दोन करायच्या ठरल्या. आतली खणाची. एका चोळीपुरतं कापड तो खण, असा जुना हिशेब. मूळ माल उत्तर कर्नाटकात गुळेदगुड्डचा. आता रविवार पेठेत खण रंगीबेरंगी गठ्ठ्यांनी मिळतो, पर्सपासून फाइलींपर्यंत सगळं त्याचं करतात, आणि त्यातला बराचसा सुती नसतो. काडीची युक्ती इथेही कामाला आली. १४० रुपयांत काळसर तांबडा सुती खण मिळाला.

वरची चोळी चिखलासाठी, म्हणून तिच्यासाठी मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कोरं सुती कापड, घेतला, ७० रुपये मीटरने अडीच मीटर. चोळी आणि सावित्रीबाईंची पिशवी, दोन्ही त्यातच. मांजरपाट आणल्याबरोबर गरम पाण्यात रात्रभर भिजवा, खळ निघते आणि कापड आटतं. न आटवता शिवलं तर पहिल्या धुण्यात चोळी बाहेरच्या खोलीतल्या बाहुलीला होईल एवढी होते.

ती चोळी मी घरी रंगवली आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त आनंद त्याचा झाला. मंडईजवळच्या काष्टौषधीच्या दुकानात हिरडा पूड, तुरटी आणि मंजिष्ठ, तिन्ही मिळून ११० रुपये. दुकानदाराने विचारलं, "मंजिष्ठ चेहऱ्याला लावायला का?" मी म्हटलं, चोळी रंगवायला. त्याने तागडीतली भुकटी परत बरणीत ओतली आणि आतून मुळ्यांचे तुकडे आणले. "रंगाला मुळी घ्या, कुटून घ्या. भुकटी कापडाला चिकटून बसते." ही सूचना मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती.

करण्याची रीत अशी. सुती कापड मंजिष्ठ सरळ धरत नाही. आधी हिरड्याच्या पाण्यात तासभर ठेवायचं, त्याने कापड पिवळट होतं आणि पुढची तुरटी त्यात टिकते. मग कोमट पाण्यात तुरटी विरघळवून त्यात बुडवायचं. माझं चोळीचं कापड दोनशे ग्रॅमच्या आसपास होतं, त्याला ४० ग्रॅम हिरडा, ४० ग्रॅम तुरटी आणि कुटलेली मंजिष्ठ १५० ग्रॅम घेतली. मुळ्या रात्री भिजत घालून सकाळी मंद आचेवर चढवल्या. पाणी उकळू द्यायचं नाही. उकळलं की लाल मरतो आणि तपकिरी वर येतो. मी बोट चटका खाऊन मागे यावं इतपत आच ठेवली, दीड तास, अधूनमधून लाकडी उलथन्याने ढवळत. पातेलं जुनं स्टीलचं घ्यावं आणि पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. लोखंडाची कढई अजिबात नको, हिरडा आणि लोखंड भेटले की काळं होतं.

कापड बाहेर काढलं तेव्हा ते विटकरीसारखं दिसलं. सावलीत वाळलं आणि संध्याकाळी हातात घेतलं तर भाजलेल्या मिरचीसारखा लाल, कुठे थोडा गडद, कुठे फिका. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या आजीच्या चोळीचा रंग असाच होता." लेकीने ते तुकडे खिडकीत धरून मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर दाखवले.

बेतणं मी केलं, शिवणही घरच्या पायमशीनवर. फक्त बाहेरून दिसणाऱ्या कडांना हातशिलाई घातली, बारीक टाक्याची. शिवणयंत्रं घरोघरी यायच्या आधीचा काळ आहे, पहिल्या रांगेत बसलेल्याला मशीनची सरळ टीप दिसू नये एवढीच इच्छा. वरची चोळी पुढे गाठ मारायची, सैल, एक गाठ सोडली की निघते. आतली खणाची, हुकांची, घट्ट.

आता खरी अडचण. रंगमंचावर पडद्याआड लुगडं बदलायला बाईंनी दिलेला वेळ होता दीड मिनिट. त्या वेळात वर्गातल्या मुली सतराचा आणि एकोणीसचा पाढा म्हणणार. तेरा वर्षांची मुलगी दीड मिनिटात नऊवारी नेसणार कशी? शिवलेली नऊवारी बाजारात मिळते, पण मला काकांकडून आणलेल्या लुगड्याला कात्री लावायची नव्हती. शेवटी कंबरेला मांजरपाटाची पट्टी घेतली, तिला नेफा करून नाडी ओवली, आणि सासूबाईंनी लेकीला उभं करून लुगडं नीट नेसवल्यावर निऱ्या, कासोटा, कंबरेचा वळसा जिथल्या तिथे धावदोऱ्याने त्या पट्टीला टाचून टाकला. पायजम्यासारखे पाय घालायचे, वर ओढायचं, नाडी बांधायची, पदर खांद्यावर. कापड कुठेही कापलेलं नाही. मोठा टाका, वेगळ्या रंगाचा दोरा, म्हणजे नंतर उसवताना दिसतो. ही युक्ती ज्यांना मुलांसाठी नऊवारी हवी आहे त्यांनी जरूर करावी. आधी सासूबाईंना ती पसंत नव्हती. "टाचलेलं लुगडं म्हणजे काय लुगडं," असं दोन दिवस चाललं होतं. मग तिसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं की कासोट्याचा टाका जरा खाली घे, बसताना ओढ पडते.

चौकड्याचं जुनं लुगडं मात्र त्यांनी स्वतः नेसवलं, खऱ्या पद्धतीने. मी सेफ्टी पिना पुढे केल्या. "पिना कशाला गं? गाठ नीट बसली आणि निऱ्या नीट खोचल्या तर मैलभर चाललं तरी हलत न्हाईत." मी नंतर बघितलं, सेफ्टी पिनेचं पेटंट १८४९ सालचं, शाळा सुरू झाल्यानंतर वर्षाने. मग आम्ही पिनांचा डबा शाळेत नेलाच नाही.

बोहरी आळीबद्दल दोन शब्द. नाडी, दोरे, सुया, हूक सगळं मिळून ६० रुपये. बरीच दुकानं घाऊक, एक नाडी मागितली तर मान हलवतात, पण आळीच्या तोंडाशी बसणारे किरकोळ देतात. काचेच्या हिरव्या बांगड्या, काळी पोत आणि साधं डोरलं तुळशीबागेत १३० रुपयांना. तिथे "नथ घ्या, सेटमध्ये येते" असं तीन ठिकाणी म्हणाले. आम्ही घेतली नाही. पुस्तकांत छापतात त्या चित्रात कपाळावर आडवं कुंकू ठळक दिसतं, तेच लावायचं होतं, आणि तेही टिकली चिकटवून नको होतं. सासूबाईंच्या मेणाच्या डबीतलं मेण बोटाने आडवं ओढलं, त्यावर पिंजर. घामाने ओघळलं नाही, दोन तास जागचं हललं नाही.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे दगडी पाटी, लाकडी चौकटीची, ५० रुपयांना मिळाली. एक कोपरा फुटका होता. विकणाऱ्याने दुसरी चांगली दाखवली, लेकीने फुटकीच घेतली.

चिखलाची एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते, म्हणजे कुणाचं कापड वाचेल. पहिल्या तालमीला मी गेरू कालवून दिला होता, रंग छान दिसेल म्हणून. दिसला छान, पण गेरू म्हणजे लोहाची माती, सुती धाग्यात बसली की बसली. चौकड्याच्या पदरावर एक तांबूस डाग तीन धुण्यांनंतरही आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. पुढच्या तालमींना शाडू वापरली. गणपतीच्या वेळची उरलेली घरात होतीच. शाडू पातळ कालवून त्यात वापरलेली चहाची पावडर मिसळली की लांबून अगदी शेण-चिखल वाटतो, आणि लुगडं वाळवून झटकून साध्या पाण्यात धुतलं की स्वच्छ. चार तालमी आणि प्रयोग, पाच वेळा केलं, पाचही वेळा निघालं.

प्रयोगाच्या आदल्या रविवारी लेकीला गंज पेठेत फुलेवाड्यात घेऊन गेले. १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्यांना खुली करून दिलेली विहीर बघितली. तिथून चालत दगडूशेठच्या समोर आलो, जिथे भिडे वाडा होता. तो २०२३ च्या डिसेंबरात पाडला, स्मारक करण्यासाठी. ती बराच वेळ तिथे उभी राहिली आणि मग विचारलं, "घर ते शाळा रोज एवढंच चालायच्या?" मी म्हटलं, त्या काळी घर नेमकं कुठून कुठे हे तुझ्या बाईंना विचार, पण याच पेठांमधून. "म्हणजे चिखल टाकणारे ओळखीचेच असणार," ती म्हणाली. प्रयोगात चिखल अंगावर पडल्यावर तिने मान खाली घातली नाही, टाकणाऱ्या मुलाकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. हे बाईंनी शिकवलं नव्हतं.

पडद्याआड एक मिनिट दहा सेकंद लागले. एकोणीसचा पाढा संपायच्या आत ती बाहेर आली, मेंदी रंगाचं लुगडं, खणाची चोळी, कपाळावरचं कुंकू जसंच्या तसं. पिशवीतून जुनं लुगडं थोडं बाहेर लोंबत राहिलं होतं, ओलं, मळलेलं. ते ठरवलेलं नव्हतं, पण शेवटपर्यंत ते तिथेच दिसत राहिलं.

सगळा खर्च १५१५ रुपये. भाड्यापेक्षा दुपटीने जास्त आहे हे खरं. पण भाड्याचा पोशाख संध्याकाळी परत द्यायचा होता. यातली रंगवलेली चोळी, पाटी आणि पिशवी शाळेने पुढच्या वर्षासाठी मागून घेतली. हातशिलाई, रंग, तीन फेऱ्या धरून माझे चार रविवार गेले, तेवढा वेळ नसेल त्यांनी रंगवण्याचा भाग सोडून तयार तांबडं सुती कापड घ्यावं, पण लुगडं सुतीच घ्यावं आणि काडी लावून बघूनच घ्यावं. कापडगंजातल्या त्या काकांकडे मी पुन्हा जाणार आहे. मिश्र माल शुद्ध म्हणून दाखवणाऱ्या दुकानात नाही.

चार तारखेला सकाळी सासूबाई गॅलरीत बसून धावदोरा उसवत होत्या. दोऱ्याचे तुकडे त्यांनी वाटीत जमवले. लुगडं धुतलं, टाक्यांची भोकं बुजली. संक्रांतीला त्या तेच नेसून वाण द्यायला शेजारी गेल्या.